पदवी ऑनलाइन, पण परीक्षा कुठे?

बारावीचा निकाल लागला, बीसीएची सीईटी आटोपली, की दरवर्षी तोच वाद नव्यानं पेटतो. एक पक्ष सांगतो, घरी बसून मिळवलेली पदवी म्हणजे नुसता कागद, कंपनीत तिला कुणी विचारत नाही. दुसरा पक्ष विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणजे युजीसीचं, सप्टेंबर २०२२ चं परिपत्रक पुढे करतो: मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, विषय संपला. तिसरा पक्ष या दोघांना हसतो. त्याच्या मते पदवीचे दिवसच गेले, गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, आपला कोड दाखवा आणि नोकरी घ्या. तिघांचाही डोळा शिकवण्याच्या माध्यमावर आहे: वर्गात, मोबाइलवर की यूट्यूबवर? पण विद्यापीठाला फी देताना आपण शिकवण्याचे पैसे देतो, हे गृहीतकच तपासायला हवं. माझं म्हणणं असं की संगणक क्षेत्रासाठी ऑनलाइन पदवी निवडताना शिकवतं कोण हा प्रश्न दुय्यम आहे. परीक्षा कोण घेतं, कुठे घेतं आणि कशी घेतं, यावर त्या पदवीचं वजन ठरतं.

शिकवणं आज जवळजवळ फुकट झालं आहे. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी मिळून २००३ मध्ये सुरू केलेला एनपीटीईएल उपक्रम अभियांत्रिकीची व्याख्यानं खुली करतो आहे. पायथन, डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम्स, यातल्या कुठल्याही विषयाचं उत्तम शिकवणं नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या पोराला रिचार्जच्या खर्चात मिळतं. मग ज्या अभ्यासक्रमाची सगळी जाहिरात 'दर्जेदार व्हिडिओ', 'लाइव्ह सेशन' आणि 'आजीवन ॲक्सेस' यांवर चालते, तो नेमकं काय विकतो? विद्यापीठाकडे विकण्यासारखी एकच दुर्मीळ गोष्ट उरली आहे: या माणसानं हे काम स्वतः, देखरेखीखाली, ठरलेल्या वेळात करून दाखवलं, अशी जबाबदार संस्थेची ग्वाही.

ही कल्पना नवी नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं, तेव्हा ते शिकवत नव्हतं. शिकवायची ती एल्फिन्स्टनसारखी कॉलेजं. विद्यापीठाचं काम अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं आणि पदवी देणं एवढंच होतं. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ साली पहिल्या तुकडीत बी.ए. झाले ते अशा निव्वळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठातून. खुद्द लंडन विद्यापीठानं १८५८ पासून एक पाऊल पुढे टाकलं: कुठल्याही कॉलेजात न गेलेल्या माणसालाही परीक्षेला बसू दिलं. आज त्याच विद्यापीठाची संगणकशास्त्राची बी.एससी. ऑनलाइन मिळते. शिकवणं आणि पारखणं ही दोन कामं वेगवेगळी करता येतात, आणि वेगळी केली तरी पदवीची किंमत टिकते, याचा दीडशे वर्षांचा दाखला आपल्यासमोर आहे. अट एकच, पारख कडक हवी.

मात्र कडक परीक्षा पुरेशी नसते, हेही इतिहासच सांगतो. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई ही परीक्षा आठवा. कारखान्यात नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांच्या पिढ्यांनी सेक्शन ए आणि सेक्शन बी रात्री अभ्यास करून दिले. उत्तीर्ण होणं किती अवघड होतं ते देणाऱ्यांनाच ठाऊक. तरीही ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी बी.ई.शी समकक्षता संपली. परीक्षा सोपी झाली नव्हती, कायद्याचा टेकू गेला. उलट टोकाचं उदाहरण ३ नोव्हेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, परवानगी न घेता दूरस्थ पद्धतीनं अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयानं स्थगित केल्या आणि त्यांना एआयसीटीईनं घेतलेल्या परीक्षेला बसायची संधी दिली. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या सरळ रद्द झाल्या. तोवर त्यातल्या अनेकांना नोकरीत बढत्याही मिळालेल्या होत्या. एक बारकावा लक्षात घ्या: ज्यांना पदवी वाचवायची संधी मिळाली, त्यांना ती परीक्षेच्या वाटेनंच मिळाली.

म्हणून पहिली चाळणी मान्यतेची, आणि ती पंधरा मिनिटांत लावता येते. युजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्यूरोच्या, म्हणजे डेबच्या, संकेतस्थळावर संस्था, नेमका अभ्यासक्रम आणि नेमकं प्रवेशसत्र या तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत. विद्यापीठ यादीत आहे पण एमसीए नाही, किंवा एमसीए गेल्या वर्षी होतं आणि या सत्रात नाही, असं होतं. दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. राज्य विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या कार्यक्षेत्रापुरताच चालवता येतो, ऑनलाइनला ती सीमा नाही. परराज्यातल्या राज्य विद्यापीठाचं 'दूरस्थ बीसीए' पुण्याच्या एखाद्या क्लासमध्ये मिळत असेल, तर तिथूनच परत फिरावं. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१२-१३ च्या पुढे वाढवली गेली नव्हती, हे युजीसीनं जाहीरपणे सांगितलं ते २०१५ मध्ये. मधल्या काळात प्रवेश घेतलेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा डेब-आयडी लागतो, आणि त्याआधी एबीसी आयडी, म्हणजे मिळवलेल्या क्रेडिटच्या सरकारी खात्याचा क्रमांक. हा आयडी एजंटच्या मोबाइल नंबरवर काढू देऊ नये, आणि नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच असावं. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल तर दुरुस्ती प्रवेशाच्या आधी करावी, नंतर ती डोकेदुखी होते.

आणि 'ऑनलाइन बी.टेक.' अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचायचीही गरज नाही. अभियांत्रिकी हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीसाठी निषिद्ध यादीत आहे. ऑनलाइन मिळतात त्या बीसीए, एमसीए, बी.एससी. किंवा बी.एस. अशा पदव्या. यात एक अपवाद लोकांना गोंधळात टाकतो. आयआयटी १९६१ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतात, त्यामुळे आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बी.एस. डेबच्या यादीत शोधून सापडली नाही म्हणून ती बनावट ठरत नाही. तसंच, आयआयटीच्या नावाचं सहा किंवा अकरा महिन्यांचं प्रमाणपत्र म्हणजे आयआयटीची पदवी नव्हे. ते दाखवून एमसीएला प्रवेश मिळत नाही. परदेशी विद्यापीठाची पदवी विकणाऱ्या काही एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षणाचा धंदा करणाऱ्या, कंपन्यांबद्दल युजीसीनं डिसेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता, आणि विद्यापीठाला आपली पदवी 'फ्रँचायझी'नं चालवायला देता येत नाही हे जानेवारी २०२२ मध्येच स्पष्ट केलं होतं. व्यासपीठ कुणाचंही असो, प्रवेश, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्याच हातात हव्यात.

चाळणीतून जे उरतं, त्यात समकक्षतावाल्यांचा मुद्दा खराच आहे. कायद्यानं सगळ्या पदव्या सारख्या. स्पर्धा परीक्षेच्या अर्जात 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी' असं लिहिलेलं असेल तर इग्नूची बीसीए आणि फर्ग्युसनची बी.एससी. यांत तसूभर फरक नाही. पण तंत्रज्ञानातली दारं इतकी रुंद कुठे असतात? बँकांचं उदाहरण घ्या. आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत आयटी ऑफिसरसाठी संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेतली चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी लागते, नाहीतर संगणक उपयोजनासारख्या विषयातली पदव्युत्तर पदवी, नाहीतर पदवी आणि वर डोएक या सरकारी संगणक-शिक्षण संस्थेची बी लेव्हल परीक्षा. म्हणजे मान्यताप्राप्त, ऑनलाइन, प्रथम वर्गातली बीसीएसुद्धा तिथे एकटी चालत नाही. हे दार ज्याला उघडायचं आहे त्यानं सुरुवातीपासून एमसीएपर्यंतचा हिशेब धरावा. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत दहावी, बारावी, पदवी या प्रत्येक टप्प्यावर साठ टक्के आणि अभ्यासक्रम 'पूर्णवेळ' अशा अटी अनेकदा असतात. युजीसीची समकक्षता खासगी कंपनीवर बंधनकारक नाही. कंपनीच्या करिअर पानावरची पात्रता शब्दन् शब्द वाचणं हाच त्यावर उपाय.

परदेशाचं दार आणखी वेगळं. अमेरिकेच्या एच-१बी, म्हणजे नोकरीसाठीच्या, व्हिसासाठी तीन वर्षांची भारतीय पदवी सहसा तिथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जात नाही. आयआयटी मद्रासच्या अभ्यासक्रमातून बी.एससी. घेऊन बाहेर पडायचं की आणखी वर्षभर राहून बी.एस. पूर्ण करायची, हा प्रश्न तिथे एकदम महत्त्वाचा होतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाची ऑनलाइन संगणकशास्त्राची मास्टर्स २०१४ पासून चालू आहे, एकूण शुल्क सात हजार डॉलरच्या आसपास राहील अशा बेतानं ती आखली गेली आणि तिचा दर्जा वादातीत आहे. पण ती घरून करणाऱ्याला विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि म्हणून पदवीनंतरचं ओपीटी, म्हणजे तिथे काही काळ काम करायची परवानगी, तीही नाही. आधीच अमेरिकेत नोकरीत असलेल्या मराठी इंजिनिअरला ती सोन्यासारखी. अमेरिकेत जाण्याची वाट म्हणून तिच्याकडे पाहणारा मात्र फसेल.

आता परीक्षेकडे. युजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो, उरलेला अंतर्गत मूल्यमापनाला. कागदावर सगळ्यांचं गणित एकच. प्रत्यक्षात एका ठिकाणी सत्रान्त परीक्षा म्हणजे घरच्या लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून सोडवलेले बहुपर्यायी प्रश्न. दुसऱ्या ठिकाणी, इग्नूसारखं, जून आणि डिसेंबरमध्ये केंद्रावर जाऊन हातानं लिहिलेली उत्तरपत्रिका. आयआयटी मद्रासच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासक्रमाची रचना मुद्दाम तपशिलात पाहण्यासारखी आहे. जेईई नाही. चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, कॉम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्रजी शिकायचं, दर आठवड्याच्या असाइनमेंट करायच्या आणि मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्यायची. पुढे प्रत्येक विषयाला असाइनमेंट, दोन क्विझ आणि एंड-टर्म, त्यातल्या क्विझ आणि एंड-टर्म नेमलेल्या केंद्रावर. प्रोग्रॅमिंगच्या विषयांना वर वेगळी, देखरेखीखालची कोडिंगची परीक्षा. ॲप डेव्हलपमेंटच्या प्रकल्पाला तोंडी परीक्षा, ज्यात परीक्षक तुमचाच कोड उघडून 'ही ओळ का लिहिलीत' असं विचारतो. पूर्ण बी.एस.साठी १४२ क्रेडिट. वाटेत फाउंडेशन, डिप्लोमा, बी.एससी. अशा टप्प्यांवर बाहेर पडता येतं, आणि शुल्कही विषयागणिक भरायचं असतं, त्यामुळे झेपलं नाही तर सगळे पैसे अडकत नाहीत.

चॅटजीपीटी आल्यापासून हा फरक जास्तच धारदार झाला आहे. घरून करायची असाइनमेंट, तीही पहिल्या दोन वर्षांतल्या पातळीची, ही यंत्रं काही सेकंदांत सोडवतात. लिंक्ड लिस्ट उलटी करा, एसक्यूएलमध्ये जॉइन लिहा, लॉगिनचं पान बनवा, यांवरचे गुण आता विद्यार्थ्याबद्दल फारसं काही सांगत नाहीत. गिटहबवाल्या तिसऱ्या पक्षाची अडचणही हीच आहे, आणि ती त्यांनी अजून मान्य केलेली नाही. नमुन्याचे प्रकल्प पूर्वी मेहनतीचा पुरावा होते. आज तेच टूडू ॲप, तेच हवामानाचं पान, तोच ई-कॉमर्स क्लोन शेकडो अर्जांना जोडलेला असतो. खऱ्या ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या, प्रकल्पात स्वीकारला गेलेला पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपण सुचवलेला कोडमधला बदल, अजूनही वजनदार आहे, हे निर्विवाद. पण तिथवर पोचणारे किती, आणि बाकीच्यांनी काय दाखवायचं?

यावर सर्वात मजबूत आक्षेप असा: कंपन्या स्वतःची चाचणी घेतातच, मग विद्यापीठाच्या परीक्षेचा कडकपणा कुणाला हवा? हॅकररँक या कोडिंग चाचणीच्या संकेतस्थळावर दोन प्रश्न, नव्वद मिनिटं, मग दोन मुलाखती. पदवी कुठली हे तिथे कुणी पाहत नाही. अर्धं खरं आहे. चाचणीपर्यंत पोचल्यावर पदवी मागे पडते, पण पोचण्याआधी अर्जांची छाननी होते. मंदी आली की कात्री पहिल्यांदा कुठे लागते? जिथे लावणं सोपं, त्या पात्रतेच्या रकान्यात. नव्वदच्या दशकात एनआयआयटी आणि ॲपटेकच्या क्लासेसना गर्दी होती, आणि शहाण्या पालकांनी मुलाला बी.कॉम. करता करता तिथे घातलं होतं. क्लासचं प्रमाणपत्र कामाचं होतं, पण पदवी सोडून ते घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. त्या सावधपणात तथ्य होतं. आक्षेपाचं दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं: कंपनीची चाचणी ही देखरेखीखालची, वेळेत बांधलेली प्रोग्रॅमिंगची परीक्षाच असते. तीन वर्षांत ज्यानं अशी एकही परीक्षा दिलेली नाही, सगळे गुण पर्यायांवर टिचक्या मारून मिळवलेत, त्याला पहिला कोरा एडिटर थेट मुलाखतीतच भेटतो.

दुसरा आक्षेप कॅम्पसचा. वर्ग, मित्र, प्रयोगशाळा, रात्रीचं हॉस्टेल, कंपन्यांची थेट भरती, या गोष्टी ऑनलाइन मिळत नाहीत. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. अठरा वर्षांच्या मुलाला सीओईपी, व्हीजेटीआय किंवा आपल्या शहरातल्या चांगल्या अनुदानित कॉलेजात जागा मिळत असेल, तर त्यानं ती घ्यावी, ऑनलाइनचा विचारही करू नये. पण तुलना नेहमी सीओईपीशी का केली जाते? बहुतेकांसमोरची निवड वेगळी असते: एका बाजूला भरमसाट शुल्काचं विनाअनुदानित कॉलेज, जिथे प्राध्यापक दर सत्राला बदलतात, प्रॅक्टिकलच्या जर्नल उतरवून काढल्या जातात आणि 'प्लेसमेंट' म्हणून कॉल सेंटर येतं. दुसऱ्या बाजूला बी.एससी. सोबत किंवा नोकरी सांभाळून केलेली कडक परीक्षेची ऑनलाइन पदवी. एप्रिल २०२२ पासून युजीसी दोन पदव्या एकाच वेळी करू देते, त्यातली एक ऑनलाइन असू शकते. फक्त तासांचा हिशेब प्रामाणिक हवा. आयआयटी मद्रास एका विषयाला आठवड्याला साधारण दहा तास धरते. कॉलेज करून किंवा नोकरी करून एका सत्रात चार विषय घेणारा पहिल्याच क्विझला आपटतो. दोन घ्यावेत, आणि त्यातला एक गणिताचा असेल तर दुसरा हलका घ्यावा. पदवीला जास्त वर्षं लागली तर लागू द्यावीत.

पैशाबद्दल थोडक्यात. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बहुतेक वेळा एका वित्त कंपनीशी केलेला कर्जाचा करार असतो, आणि तो विद्यापीठाशी नसतो. अभ्यासक्रम सोडला तरी हप्ता चालू राहतो, चुकला तर सिबिल बिघडतं. सही करण्याआधी कर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे आणि परतावा कुणी, किती दिवसांत द्यायचा हे लेखी घ्यावं. शुल्क विद्यापीठाच्या खात्यात भरायची सोय नसेल तर तो प्रवेश घेऊ नये.

शेवटचा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो. परीक्षा केंद्रावर हवी असं म्हणणं सोपं आहे. गडचिरोलीतल्या मुलीनं रविवारच्या क्विझसाठी नागपूर गाठायचं कसं, रात्री राहायचं कुठे? तान्हं मूल घरी असलेल्या बाईनं काय करायचं? घरून परीक्षेची सोय याच लोकांसाठी आली आणि ती काढून घेतली तर ऑनलाइन शिक्षणाचा अर्थच उरत नाही, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांच्या हातात जी पदवी पडते, तिची किंमत बाजार कमी लावतो, आणि त्याचा फटका बसतो तो याच मुलीला. जिच्या नावामागे मोठं कॉलेज नाही, काका-मामा कंपनीत नाहीत, तिलाच निःसंशय पारखलेल्या गुणांची सर्वाधिक गरज असते. उपाय परीक्षा सैल करण्यात नाही, केंद्र जवळ आणण्यात आहे, आणि महाराष्ट्राला तो नव्यानं शोधायची गरज नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालं आणि त्यानं आपली अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांत नेली. २००१ नंतर एमकेसीएलनं एमएस-सीआयटीच्या निमित्तानं तालुक्यांपर्यंत संगणक केंद्रांचं जाळं उभं केलं, आणि त्याच खुर्च्यांवर बसून लाखोंनी संगणकावरची परीक्षा दिली. तिथे महिन्यातून एक रविवार, ओळखपत्र तपासून, बंद नेटवर्कवर, दोन तासांची प्रोग्रॅमिंगची परीक्षा घेता येणार नाही असं तांत्रिक कारण कुठलंही नाही.

राज्यातली जी विद्यापीठं ऑनलाइन बीसीए आणि एमसीएच्या जागा वाढवत आहेत, त्यांना विचारायचे प्रश्न त्यामुळे ठरलेले आहेत. किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यातले किती ठरल्या मुदतीत पदवीधर झाले? किती गुण केंद्रावरच्या परीक्षेतून आले, किती घरून? प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेत संगणकावर कोड चालवून घेतात की कागदावर लिहून? प्रकल्पाची तोंडी परीक्षा होते का, आणि ती घेणारा बाहेरचा असतो का? ही माहिती माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापणं युजीसीनं सक्तीचं करावं, आणि तोवर पालकांनी ती ईमेलवर लेखी मागावी, म्हणजे उत्तर आलं नाही तर तेही कळतं.